रिपोर्टमध्ये ‘नळी फुगली आहे’ असं आलं तर

‘सीबीडी ९ मिमी, माइल्डली डायलेटेड. लोअर एंड ऑब्स्क्योर्ड बाय बॉवेल गॅस. सजेस्ट एमआरसीपी.’ म्हणजे पित्ताची मुख्य नळी थोडी फुगली आहे, तिचं खालचं टोक गॅसमुळे दिसलं नाही, एमआरसीपी (एमआरआय मशीनवर नळ्यांचं चित्र) करून घ्या. पोट दुखतं म्हणून केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर ही ओळ आली, की लातूर असो की हिंगोली, घरात प्रश्न एकच उठतो: “नळी फुगलीय म्हणायलेत, कॅन्सर तर नाही ना?” मग कुणी हैदराबादचं तिकीट काढतं, कुणी सोलापूरचा नंबर शोधतं, तर कुणी कागद घडी करून कपाटात ठेवून देतं. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी पेशंटच्या बाबतीत बरोबर असते. कुणाच्या बाबतीत कोणती, हे ९ या आकड्यावरून ठरत नाही. पेशंटला त्रास काय आहे, रक्त काय म्हणतं, आणि फुगलेली नळी खाली जाऊन कुठे व कशी संपते, या तीन गोष्टींवरून ते ठरतं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच त्या ओळीत ‘गॅसमुळे दिसली नाही’ असं लिहिलेलं असतं.

आधी रचना बघू. यकृतातल्या बारीक नळ्या एकत्र येऊन पित्ताची मुख्य नळी, म्हणजे सीबीडी, बनते. पित्ताची पिशवी तिला बाजूने जोडलेली असते. ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून खाली उतरते. शेवटच्या टप्प्यात स्वादुपिंडाची नळी तिला येऊन मिळते आणि दोघी मिळून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, एका छोट्या उंचवट्यावर उघडतात. त्या उंचवट्याला पॅपिला म्हणतात. तिथे स्नायूंची एक कडी असते, ओडीचा स्फिंक्टर. ठिबकची नळी पुढे कुठे तरी चोंदली की मागचा भाग तट्ट होतो, तसंच इथे होतं. त्यामुळे नळी कुठपर्यंत फुगली आहे यावरून अडथळ्याची जागा कळते. दोन नळ्या मिळण्याच्या वर खडा अडकला तर फक्त पित्ताची नळी फुगते. पॅपिलाशी किंवा स्वादुपिंडाच्या डोक्यात अडथळा असेल तर दोन्ही फुगतात. स्वादुपिंडाच्या मधल्या भागात अडथळा असेल तर त्याच्या पुढची, शेपटीकडची, नळीच तेवढी रुंद दिसते आणि पित्ताची नळी तशीच राहते.

आता आकडे. सोनोग्राफीत पित्ताची नळी साधारण ६ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात. साठीनंतर दर दहा वर्षांना १ मिमी सूट द्यायची पद्धत आहे, म्हणजे ८० वर्षांच्या आजोबांची ८ मिमी नळी ही बातमी नव्हे. पित्ताची पिशवी काढलेली असेल तर १० मिमीपर्यंत, बाकी सगळं ठीक असेल तर, चालतं. स्वादुपिंडाची नळी डोक्यात ३, मधल्या भागात २ आणि शेपटीत १ मिमीच्या आसपास असते. वय वाढलं की तीही थोडी रुंद होते, पण तिला एवढी मोकळीक देता येत नाही. पित्ताच्या नळीचा एकटा आकडा वाढला तर थांबून बघायला बऱ्याचदा जागा असते. स्वादुपिंडाची नळी ५ मिमीच्या वर गेली तर कारण शोधूनच थांबायचं.

मोजमापातच घोळ असतो तेव्हा

पित्ताची नळी वर यकृताच्या दाराशी अरुंद असते आणि खाली मधल्या भागात थोडी रुंद. एका सेंटरवर वरच्या जागी मोजली ५ मिमी, सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर मधोमध मोजली ७ मिमी. नळी काडीचीही बदललेली नाही, पण कागदावर ‘वाढली’. एकाने भिंतीसकट मोजली आणि दुसऱ्याने आतून आत मोजली तरी असाच फरक पडतो. मोजायची रीत म्हणजे यकृताची धमनी नळीला ओलांडते त्या जागी, भिंतीच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत, नळीला काटकोनात. कधी कधी शेजारची धमनीच नळी समजून मोजली जाते. कलर डॉप्लर लावला की धमनीत रंग भरतो आणि नळी काळी राहते, तेवढ्यात शंका फिटते. एमआरसीपीतला आकडाही सोनोग्राफीपेक्षा थोडा मोठा येऊ शकतो. त्यामुळे सोनोग्राफीचं ७ आणि एमआरसीपीचं ९ शेजारी ठेवून ‘दोनने वाढली’ असा हिशेब करायचा नाही.

म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हाची सोनोग्राफी, कधी तरी मूतखड्यासाठी केलेला सीटी स्कॅन, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांपूर्वीही नळी ९ मिमीच होती हे दिसलं, तर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात. कागदापेक्षा फिल्म किंवा सीडी जास्त कामाची, कारण त्यावर परत मोजता येतं.

सोनोग्राफीला जाताना ६ ते ८ तास उपाशी जावं. चहाही नको, चहा-बिस्किटाने पिशवी आकसते आणि पोटात हवा जाते. पॅपिलाजवळचा भाग गॅसआड गेला असेल तर डॉक्टर डाव्या कुशीवर किंवा अर्धवट बसवून बघतात. कधी अर्धा लिटर पाणी प्यायला देतात. पोट पाण्याने भरलं की त्यातून स्वादुपिंडाचं डोकं दिसू लागतं. दिवसाला पन्नास पेशंट असलेल्या सेंटरवर यासाठी वेळ मिळत नाही हे खरं, पण ‘खालचा भाग दिसला नाही’ असं लिहून आलं असेल तर एमआरसीपीच्या आधी एकदा पुन्हा नीट सोनोग्राफी करून घेण्यात पैसे वाया जात नाहीत.

अडथळाच नाही, तरी नळी रुंद

वयाने नळीची भिंत सैल पडते. पिशवी काढल्यावर पित्त साठवायची जागा गेल्याने नळीच थोडा साठा धरते, असं साधं स्पष्टीकरण दिलं जातं. प्रत्येकाची फुगत नाही, काहींचीच फुगते. तिसरं कारण मात्र विचारल्याशिवाय कळत नाही: अफूच्या जातीची औषधं. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिलचे पॅच आणि अफूचं व्यसन, या सगळ्यांनी ओडीचा स्फिंक्टर आवळला जातो. मागे पित्ताची नळी फुगते, काही वेळा स्वादुपिंडाचीही. रक्ताचे रिपोर्ट बहुधा नॉर्मलच असतात. खोकल्याचं कोडीनचं औषध रोज बाटली-बाटली पिणारा माणूस ते आपणहून सांगत नाही, आणि गोळ्यांची पिशवी घरीच राहते. ती पिशवी सोबत न्या, एवढंच.

या गटातल्या माणसाला त्रास नसेल, कावीळ नसेल, रक्त नॉर्मल असेल आणि नळी खाली हळूहळू निमुळती होत आतड्याशी संपत असेल, तर स्कॅनच्या मागे धावण्यात अर्थ नाही. तीन ते सहा महिन्यांनी लिव्हरच्या रक्ततपासण्या पुन्हा करा, त्रास सुरू झाला तर लगेच या, असं सांगणारा डॉक्टर हलगर्जी नसतो. उलट प्रत्येक ८ मिमीला एमआरसीपी लिहिणं सोपं असतं.

रक्तात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी बघायचे. नळी तुंबली की फॉस्फटेज आणि जीजीटी चढतात. फॉस्फटेज हाडांतून आणि गरोदरपणी वारेतूनही येतं; व्हिटॅमिन डी कमी असलेल्या बायकांत, वाढत्या मुलांत आणि गरोदरपणात ते वाढलेलं दिसतं. अशा वेळी जीजीटी नॉर्मल असेल तर नळीवर संशय घ्यायचा नाही. एक फसवणूक मात्र नेहमीची आहे. खडा नळीत अडकल्याच्या पहिल्या दिवशी एसजीपीटी ५०० च्या वर जाऊ शकतो, फॉस्फटेज अजून उठलेलंही नसतं, आणि खडा सरकला की दोन-तीन दिवसांत सगळं उतरतं. पावसाळ्यात गावात पाण्यातून येणाऱ्या काविळीची साथ चालू असेल तर ही केस सरळ त्याच खात्यात जाते. फरक करायचा तो दुखण्यावरून. वरच्या पोटात, उजवीकडे किंवा मध्यभागी एकदम उठलेली, पाठीत जाणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी जोरदार कळ ही खड्याची खूण. विषाणूच्या काविळीत आधी ताप, मळमळ, तोंडाची चव जाणं येतं, आणि सोनोग्राफीत नळ्या बारीकच असतात.

याच कारणाने काविळीची माळ, नाकात कडू दोडक्याचा रस, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ‘पिवळं उतरवणं’ यांचं नाव टिकून आहे. विषाणूची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जातं. तुंबलेल्या नळीची कावीळ माळेने उतरत नाही. महिनाभर उतरवण्यात गेला की पेशंट येतो तो खाजवून खाजवून अंगावर ओरखडे उठलेल्या अवस्थेत, रक्त गोठत नाही म्हणून हिरड्यांतून रक्त येत. पित्त आतड्यात पोहोचत नसल्याने व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, त्यामुळे कुठल्याही प्रोसिजरआधी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघून व्हिटॅमिन केची इंजेक्शनं द्यावी लागतात.

खडे

नळी फुगण्याचं साधं आणि सर्वांत जास्त भेटणारं कारण म्हणजे नळीत उतरलेला खडा. पिशवीतला खडा सोनोग्राफीत बहुधा सापडतो, नळीतला बऱ्याचदा निसटतो, कारण तो गॅसआड खालच्या टोकाला बसलेला असतो. म्हणजे ‘नळीत खडा दिसला नाही’ याचा अर्थ ‘नळीत खडा नाही’ असा होत नाही. पिशवीत बारीक बारीक खडे, नळी ८ मिमी आणि बिलिरुबिन ३, असं एकत्र आलं तर खडा आहे असंच धरून चालायचं.

एमआरसीपी चांगली तपासणी आहे. ५ मिमीपेक्षा लहान खडे आणि अगदी पॅपिलात रुतलेला खडा मात्र तिच्याही हातून सुटतो. पाण्यासारखा द्रव पांढरा आणि खडा काळा, असं ते चित्र. काळं दिसणारं सगळंच खडा नसतं. हवेचे बुडबुडे काळे दिसतात. ते तरंगतात, म्हणून पाठीवर झोपलेल्या पेशंटच्या आडव्या कापातल्या चित्रात नळीच्या वरच्या, पोटाकडच्या बाजूला जातात, तर खडे पाठीकडे बसतात. आधी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पॅपिलातून नळीत जाण्याची प्रोसिजर, झालेल्या माणसाच्या नळीत हवा असणं स्वाभाविकच आहे. यकृताची उजवी धमनी नळीवर दाब देते तिथेही एक काळी खाच दिसते आणि ती ‘स्ट्रिक्चर’ (नळी अरुंद झालेली जागा) म्हणून रिपोर्टमध्ये येते. जुन्या ऑपरेशनच्या क्लिपांमुळेही तसंच होतं.

खडा निघाला की नळी हळूहळू आवरते, पण जुना त्रास असेल तर पूर्वीची रुंदी परत येईलच असं नाही. ईआरसीपीने नळी साफ केल्यावर पिशवी तशीच ठेवून घरी जाणं ही मोठी चूक असते. खडे तयार करणारी जागा तिथेच आहे. पेशंटची तब्येत परवानगी देत असेल तर पिशवीचं ऑपरेशन त्याच भरतीत किंवा दोन आठवड्यांत उरकावं. ‘कापूस वेचून झाला की बघू’ म्हणून पुढे ढकललेल्यांपैकी काही जण पुन्हा कळ घेऊन किंवा स्वादुपिंडाला सूज घेऊनच परत येतात.

पिशवीच्या मानेशी मोठा खडा अडकून तो बाहेरूनच नळीला दाबतो, त्याला मिरिझी सिंड्रोम म्हणतात. नळी वरच्या भागात फुगलेली, खाली बारीक. हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं, नाहीतर दुर्बिणीतून कापताना सर्जन पिशवी समजून नळीवर येतो. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये नळीला झालेली इजा महिन्यांनी, कधी वर्षांनीही अरुंदपणा म्हणून उगवते: अधूनमधून थंडी वाजून ताप, चढत राहणारं फॉस्फटेज, आणि क्लिपांच्या जागेपाशी एकदम संपणारी नळी.

पॅपिलाजवळ

ड्युओडेनमच्या भिंतीला पॅपिलाच्या अगदी शेजारी पिशवीसारखा फुगवटा येतो, त्याला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. उतारवयात हा बराच आढळतो आणि बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. काहींत तो अन्नाने, हवेने भरून नळीच्या टोकावर दाब देतो. खडा नाही, गाठ नाही, तरी कावीळ, याला १९३४ मध्ये लेमेलने वर्णन केल्यापासून त्याचं नाव मिळालं. आत पाणी भरलेलं असेल तर स्कॅनवर हाच फुगवटा स्वादुपिंडाच्या डोक्यातली पाण्याची गाठ वाटतो. त्यात हवा आणि पाण्याची सरळ रेघ दिसली की ओळख पटते. साध्या गॅस्ट्रोस्कोपीत पॅपिला नीट दिसत नाही, कारण तिची दुर्बीण समोर बघते. बाजूला बघणारा ड्युओडेनोस्कोप लागतो. ‘एंडोस्कोपी नॉर्मल आहे’ म्हणून पॅपिलाचा विषय संपला असं समजू नये.

वारंवार बारीक खडे गेल्याने पॅपिला आतून घट्ट होते, तेही एक कारण. नळी फुगलेली आणि कळ आल्यावर लिव्हरचे एन्झाइम चढलेले असतील तर पॅपिलाला छेद देऊन फायदा होतो. नळी बारीक, रक्त नॉर्मल, फक्त पिशवी काढल्यानंतर पोट दुखतं, अशांना छेद देऊन फायदा होत नाही, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपिसॉड चाचणीने दाखवलं. तरीही ‘एकदा कापून बघू’ असं सुचवलं गेलं तर दुसरा सल्ला घ्या.

स्वादुपिंडाची नळी

इथे चांगल्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, कारणांत पहिला नंबर दीर्घकाळच्या स्वादुपिंडदाहाचा, क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसचा. दारू आणि तंबाखू ही दोन्ही कारणं. चुना-तंबाखू किंवा बिडी चालू ठेवून फक्त दारू सोडली तरी आजार पुढे सरकू शकतो. भारतात दारूला न शिवलेल्या तरुणांतही हा आजार होतो. नळीत मोठमोठे खडे आणि पुढे मधुमेह असं त्याचं रूप असतं. नळी मण्यांच्या माळेसारखी, कुठे रुंद कुठे अरुंद, आत खडे, आणि भोवतीचं स्वादुपिंड वाळलेलं. हे खडे कॅल्शियमचे असतात, त्यामुळे ते बघायला साधा सीटी स्कॅन एमआरसीपीपेक्षा सरस. पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाताना लांबवर, गुळगुळीत निमुळती होत जाते. कॅन्सरमध्ये ती बहुधा एकदम तोडल्यासारखी थांबते. पण सुजलेलं डोकं आणि गाठ यांच्यातला फरक स्कॅनवर नेहमी सुटत नाही, आणि जुन्या पॅन्क्रियाटायटिसमध्ये कॅन्सरची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून माहीत असलेल्या पेशंटची कळ बदलली, वजन उतरायला लागलं, साखर विनाकारण बिघडली, तर ‘जुनंच आहे’ म्हणून सोडायचं नाही.

उपचारात सगळ्यांत फुकट जाते ती पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल. लोक ती सकाळी रिकाम्या पोटी घेतात. ती अन्नात मिसळली पाहिजे. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण लांबलं तर मध्ये एक. मोठ्या जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेस (चरबी पचवणारं एन्झाइम) लागतं. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि घाण वासाचं राहिलं तर डोस कमी पडतोय किंवा वेळ चुकते आहे. स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या नळीतला ५ मिमीपेक्षा मोठा खडा बाहेरून शॉकवेव्हने फोडून मग ईआरसीपीने साफ करतात. नळी खूप रुंद आणि दुखणं हटत नसेल तर ती उघडून आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन. ते जितकं उशिरा, तितका दुखण्यावरचा फायदा कमी.

ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये स्वादुपिंड सॉसेजसारखं जाड होतं, पण त्यातली नळी अरुंदच राहते आणि मागे फारशी फुगत नाही. पित्ताची नळी मात्र दबून फुगते आणि कावीळ होते. रक्तातलं आयजीजी-४ हे प्रथिन वाढलेलं असू शकतं. स्टेरॉइडने हा आजार दोन-तीन आठवड्यांत बदलतो, म्हणून ‘देऊन बघू’ असा मोह होतो. आपल्याकडे टीबी इतका आहे की आधी तो आणि कॅन्सर दोन्ही नाकारल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करणं धोक्याचं. यकृताच्या दाराशी किंवा स्वादुपिंडाभोवती टीबीच्या गाठी येऊन नळी दाबली जाते, तेही कॅन्सरसारखंच दिसतं. सुईने नमुना घेतला तरच कळतं, आणि औषधाने उतरतं.

पॅन्क्रियास डिव्हिजम म्हणजे जन्मतः स्वादुपिंडाच्या दोन नळ्या जोडल्या न जाणं. ५ ते १० टक्के लोकांत असतं, बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही.

‘चांगल्या’ आणि ‘वाईट’च्या मधे बसणारा एक आजार आयपीएमएन, म्हणजे नळीच्या अस्तरातली चिकट द्रव सोडणारी वाढ. अडथळा काहीच दिसत नाही आणि मुख्य नळी ५ ते ९ मिमी असेल तर काळजीची, १० मिमी किंवा जास्त असेल तर ऑपरेशनचा विचार करण्याची खूण धरतात. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस समजून हे वर्षानुवर्षं राहून जातं.

कमी दिसणारी, पण इथे लक्षात ठेवायची

लहान मूल किंवा तरुण बाई, नळी दीड-दोन सेंटिमीटर, खाली अडथळा नाही: कोलेडोकल सिस्ट, म्हणजे पित्ताच्या नळीलाच जन्मतः आलेली फुगीर गाठ. १९७७ पासून वापरात असलेल्या तोदानीच्या वर्गीकरणात पहिला प्रकार सर्वांत जास्त भेटतो. यात पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्या आतड्याबाहेरच, लांब सामाईक नळीत मिळतात आणि स्वादुपिंडाचा रस वर पित्तात चढतो. गाठ आज साधी असली तरी पुढे कॅन्सरचा धोका आहे, म्हणून ती पूर्ण काढून आतडं जोडतात. पूर्वी गाठ तशीच ठेवून आतड्याला जोडत. तसं ऑपरेशन झालेल्यांनी तपासणीत राहावं.

मेंढ्या आणि कुत्री सोबत असलेल्या घरांत यकृतातली हायडॅटिड गाठ, म्हणजे कुत्र्यांपासून येणाऱ्या कृमीची पाण्याची गाठ, कधी कधी नळीत फुटते. फुग्याच्या सालीसारखे पापुद्रे नळीत अडकतात, अंगाला खाज-पित्त उठतं, कावीळ येते. जंत, म्हणजे आतड्यातला लांब गोल कृमी, पॅपिलातून नळीत चढतो. सोनोग्राफीत सावली न पाडणारी लांब दुहेरी रेघ, कधी हलणारी. तो बहुधा स्वतःच परत उतरतो, न उतरल्यास दुर्बिणीने काढतात. अंगणवाडी-शाळेत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अल्बेन्डाझोल देतात ते मुलांना चुकवू नका. लहानपणापासून प्लीहा मोठी, रक्ताची उलटी झालेली, यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल शीर बंद पडलेली असेल तर भोवती वाढलेल्या शिरांनी नळी नागमोडी आणि दबलेली दिसते. त्या पेशंटमध्ये पॅपिलाला छेद देताना रक्तस्राव होऊ शकतो, हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

थांबायचं नाही ते कधी

थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात कळ एकत्र आली, तर तो नळीतला पू आहे असं समजून त्याच दिवशी भरती व्हावं. रक्तदाब उतरला किंवा माणूस बडबडू लागला तर काही तासांचाच प्रश्न असतो. न दुखता वाढत जाणारी कावीळ, पांढुरकं शौच, खाज, हाताला लागणारी पण न दुखणारी पित्ताची पिशवी, पन्नाशीनंतर अचानक आलेला मधुमेह आणि घटतं वजन, हे कॅन्सरचं बोलणं आहे. दोन्ही नळ्या फुगलेल्या आणि कावीळही असेल तर गाठ नाही असं सिद्ध होईपर्यंत गाठच. दोन्ही फुगलेल्या, पण कावीळ नाही आणि रक्त नॉर्मल, तर चांगली कारणं पुष्कळ निघतात; तरी स्वादुपिंडाचा एक नीट स्कॅन हवाच. ‘सीटी ॲब्डोमेन’ एवढंच लिहून पाठवू नये. पॅन्क्रियास प्रोटोकॉल लिहावा: पातळ काप, इंजेक्शननंतर साधारण ४०-४५ सेकंदांनी एक फेरी आणि ६५-७० सेकंदांनी दुसरी. साध्या सीटीत छोटी गाठ भोवतालात मिसळून जाते. आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघून घ्या. स्टेंट (नळी उघडी ठेवायला आत टाकलेली बारीक नळी) पडण्याच्या आधी हा स्कॅन झाला तर चित्र स्वच्छ येतं.

सीए १९-९ ही कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी कावीळ असताना करू नये. ३७ च्या वरचा आकडा कॅन्सरचा वाटतो, पण तुंबलेलं पित्त आणि संसर्ग यांनीही तो शेकड्यांत जातो, आणि घरचे पंधरा दिवस झोपत नाहीत. कावीळ उतरल्यावर करा. काही जणांच्या रक्तात तो मुळातच तयार होत नाही, म्हणून नॉर्मल आला तरी सुटका नाही.

शंका मिटली नसेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी, ईयूएस. पोटात दुर्बिणीच्या टोकावरून बघत असल्याने गॅसचा अडसर नाही, बारीक खडा आणि पॅपिलातली छोटी गाठ दोन्ही दिसतात, सुईने नमुनाही घेता येतो. मराठवाड्यात ही मशीन मोजक्या ठिकाणी आहे. जाण्याआधी फोन करून विचारा. नाहीतर ‘इथे एंडोस्कोपी होते’ म्हणून गेलं आणि तिथून पुढे पाठवलं, असं होतं. कुठल्या प्रोसिजरचं पॅकेज महात्मा फुले योजनेत बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारावं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

ईआरसीपी हा उपचार आहे, बघण्याची तपासणी नव्हे. तिच्यानंतर १०० पैकी ३ ते १० जणांना स्वादुपिंडाची सूज येते. तरुण बायका, बारीक नळी आणि नॉर्मल बिलिरुबिन असलेल्यांत जास्त. गुदमार्गातून १०० मिग्रॅ इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक दिल्याने धोका कमी होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. ‘नळी फुगलीय, आत जाऊन बघू’ एवढ्याच कारणाने ईआरसीपी ठरत असेल तर आधी एमआरसीपी किंवा ईयूएस मागून घ्या.

आणि स्टेंट. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. नंतर तो चोंदतो, त्याभोवती खडे जमतात आणि नळीत पू होतो. डिस्चार्ज कार्डावर ‘स्टेंट इन सिटू’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि कळ थांबलेली असते. बीड, धाराशिव, जालना भागातल्या ऊसतोड कुटुंबांत हे हमखास अडतं. सप्टेंबरमध्ये स्टेंट पडला, दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याला गेली, काढायची तारीख डिसेंबरात आणि परत येणं मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून स्टेंट टाकतानाच कुठे जाणार, केव्हा जाणार हे डॉक्टरांना सांगावं. नळी साफ झाली असेल तर निघण्याआधी काढता येतो का ते विचारावं. नसेल तर कार्डाची झेरॉक्स आणि ईआरसीपीचा रिपोर्ट सोबत घेऊन कारखान्याजवळच्या मोठ्या शहरात, कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यात, काढण्याची तारीख आधीच ठरवावी. कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून घ्यावं: ‘पोटात स्टेंट आहे. या तारखेच्या आत काढणे. थंडी-ताप किंवा डोळे पिवळे झाल्यास लगेच दवाखाना.’ आणि ते मुकादमाच्या मोबाइलमध्येही फोटो काढून ठेवावं.